गाळलेला पहिला अध्याय

२०२५चा ऑक्टोबर. कळमनुरीपासून थोड्या अंतरावर, कयाधूच्या बाजूला आमचं गाव आहे आणि गावाच्या टोकाला पत्र्याची एक शेड. रविवारी तिथे आमची उपासना होते. एरवी वीस-पंचवीस माणसं असतात. त्या दिवशी साठेक होती, कारण शहरातून एक उपदेशक आले होते. दोन मोठे स्पीकर, कीबोर्ड, मागे कापडी बॅनर. बॅनरवर उगवता सूर्य आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आनंदोत्सव'.

शेडबाहेरच्या शिवारात तेव्हा काय होतं, ते मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. सप्टेंबरच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. शेंगा काळ्या पडलेल्या, काही शेंगांना तर झाडावरच कोंब फुटलेले. आमचं रान अडीच एकर. जे हाती लागलं असतं त्यात काढणीची मजुरीही निघाली नसती, म्हणून आईनं ते तसंच सोडून दिलं.

मी नांदेडला एका लॅबमध्ये काम करते. सुट्टीला घरी आले होते, म्हणून त्या सभेत होते. प्रार्थनेसाठी एकेकाची अडचण विचारत होते, तेव्हा आई उठून उभी राहिली आणि बोलायच्या आधीच रडायला लागली. उपदेशकांनी माईक जवळ घेतला.

"ताई, रडणं बंद करा. रडणं म्हणजे अविश्वास. देवानं आनंद करायची आज्ञा दिलीय. हसा बघू."

मग त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. कीबोर्ड सुरू झाला. आईनं पदरानं डोळे पुसले आणि ती हसली. साठ माणसांसमोर, माईकवरून सांगितलं म्हणून.

संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर तिनं मला विचारलं, "तुझ्या पप्पाच्या टायमालाबी माझाच विश्वास कमी पडला असंल का गं?"

पप्पा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. कोरोनाची दुसरी लाट होती. त्यांचा ऑक्सिजन उतरत होता तेव्हा कुणीतरी फोनवर प्रार्थना केली आणि सांगितलं, की विश्वास धरा, ते उठून घरी येतील. ते आले नाहीत. त्यानंतर साडेचार वर्षं माझी आई मनातल्या मनात हा हिशेब मांडत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तिच्या त्या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे.

बी पेरा, पीक घ्या

आधीच सांगते, मी ख्रिस्ती आहे. आजीपासून आमच्या घरात ही भक्ती आहे आणि मी ती सोडलेली नाही. संकटात ख्रिस्तामुळे आनंद मिळतो, हेही मी नाकारत नाही. मी तो पाहिला आहे, काही वेळा मला तो मिळालाही आहे. माझं भांडण त्याच्या नावाखाली जे विकलं जातं त्याच्याशी आहे.

तुमच्याही फोनवर ते येत असेल. तीस सेकंदांची रील. पांढरा शर्ट, मागे पियानो. कॅन्सर होता, प्रार्थना केली, गेला. नोकरी नव्हती, उपास केला, लागली. कर्ज होतं, दान दिलं, फिटलं. आमच्याकडे याला 'साक्ष' म्हणतात. साक्ष देणारा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं कर्ज फिटलं नाही, ज्यांचं माणूस घरी आलं नाही, त्यांना कधी कुणी माईक दिल्याचं तुम्ही पाहिलंय? त्यांची साक्ष कुठे आहे?

या बाजाराची आवडती भाषा पेरणीची आहे. 'बी पेरा.' म्हणजे दान टाका. जेवढं पेराल त्याच्या शंभरपट घ्याल. ही भाषा शहरातल्या हॉलमध्ये खपत असेल. कळमनुरी तालुक्यात ती बोलायला छाती लागते. कारण इथे ज्यानं बी पेरलंय त्याला ठाऊक आहे, की चांगलं बी, चांगली वाफ, वेळेवर खत, वेळेवर फवारणी, सगळं करूनही पीक जाऊ शकतं. त्यात शेतकऱ्याची चूक नसते. पावसानं झोडपलेल्या शेतकऱ्याला 'तुझी मेहनत कमी पडली' असं आमच्या गावातला सावकारही म्हणत नाही. उपदेशक मात्र म्हणतो. फक्त मेहनतीच्या जागी 'विश्वास' हा शब्द घालतो.

आणि हा रोग केवळ आमच्या शेडमध्ये आहे असं समजू नका. 'पॉझिटिव्ह राहा', 'मन खंबीर ठेवा, सगळं होतं', 'तुमचे विचार तुमचं नशीब घडवतात' हे सांगणारे सगळ्या धर्मांत आहेत आणि धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. सगळ्यांचा सूर एकच: तुला त्रास होतोय ना, मग तुझ्यातच काहीतरी कमी आहे.

पवित्र शास्त्रात असं बोलणारी माणसं आहेत. ईयोबाचे तीन मित्र. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली. मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं तेवढंच एक चांगलं काम. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि तू काहीतरी पाप केलं असणार, कबूल कर, सगळं परत मिळेल, असं त्याला परोपरीनं सांगितलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. पुस्तकभर गाऱ्हाणं मांडणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणतो, की हा माझ्याविषयी खरं बोलला.

पहिला अध्याय

त्या दिवशी उपदेशकांनी वचन घेतलं होतं हबक्कूक संदेष्ट्याचं. तिसऱ्या अध्यायाचा शेवट. अंजिराला फुलोरा नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही, तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा अर्थ. शेतकऱ्यांसमोर वाचायला याहून योग्य जागा सापडणार नाही. वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता.

रात्री आजीनं मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिला अक्षरओळख नाही. इतकी वर्षं घरातल्या कुणाकुणाकडून ऐकून तिनं शास्त्र पाठ केलंय. मी तिसरा अध्याय काढला तर ती म्हणाली, "पयल्यापून वाच."

पहिल्यापासून वाचलं. हबक्कूकचं पुस्तक अवघं तीन अध्यायांचं आहे. दहा मिनिटांत संपतं. इसवी सनाच्या सहाशेएक वर्षं आधीचा काळ, बाबेलच्या खास्दी लोकांचं सैन्य देश तुडवत येतंय. आणि हा संदेष्टा सुरुवात कशानं करतो? तक्रारीनं. मी किती काळ हाका मारू आणि तू ऐकणार नाहीस? अन्याय मला दाखवतोस आणि स्वतः नुसता पाहत बसतोस? कायदा लुळा पडलाय, न्याय वाकडा झालाय. पहिला अध्याय म्हणजे देवाविरुद्ध दाखल केलेली फिर्याद आहे.

दुसऱ्या अध्यायात तो पहाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहतो आणि सांगतो, की मला उत्तर हवंय, ते मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही. उत्तर येतं. त्यात आनंदाचा शब्द नाही. दुसऱ्याचं लुबाडून ढीग करणाऱ्यांचा, गहाणवटीवर गब्बर होणाऱ्यांचा, रक्त सांडून शहरं बांधणाऱ्यांचा तिथे धिक्कार आहे.

हे सगळं झाल्यावर तिसरा अध्याय येतो. तिथला आनंद फिर्याद मांडून, उत्तर मागून, वाट पाहून झाल्यानंतरचा आहे. तो रिकामा गोठा झाकत नाही. काय काय गेलं त्याची यादी आधी वाचतो. पंचनामाच तो. आणि त्याच्याखाली 'तरीही' लिहितो.

उपदेशकांनी 'तरीही' घेतलं आणि पंचनामा फाडून टाकला.

आजी ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे आधी भांडला की तो. मंग गायला. आन् ह्यो बाबा आपल्याला आधीच गाय म्हनतोय."

आजीला यात नवल वाटलं नाही, कारण देवाशी भांडणं ही आमच्या मातीतली जुनी रीत आहे. नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. जनाबाईंचं गंगाखेड शेजारच्या परभणीत. विठ्ठलाला जाब विचारणारी, त्याला शिव्या घालणारी जनाबाई आम्हाला परकी नाही. चोखोबांनी दाराबाहेर उभं राहून देवाला जे ऐकवलं, ते आमच्या वाडीवस्तीला तर अजिबातच परकं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला गायला शिकवलं ते याच अभंगाच्या चालीवर. आम्ही टाळ आणि ढोलकी घेऊन गातो ते उगाच नाही. चाल वारकऱ्यांकडून घेतली आणि भांडण्याचा हक्क तेवढा तिथेच ठेवून आलो, असं कसं चालेल?

फिलिप्पैची ती सकाळ

'आनंद करा' ही आज्ञा आहे, हे उपदेशकांचं म्हणणं खरं आहे. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ती आहे. पण ती कुणी, कुठून आणि कुणाला दिली हे बघा. पौल हे पत्र तुरुंगातून लिहितोय. आणि ज्यांना लिहितोय त्या गावानं त्याला आधी एकदा तुरुंगात पाहिलेलं आहे.

ती गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना भर बाजारात कपडे फाडून छड्यांनी मारलं. आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. तेवढ्यात भूकंप झाला आणि तुरुंगाची दारं उघडली.

आमच्या तालुक्यात भूकंप समजावून सांगावा लागत नाही. १० जुलै २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तो आमच्याच भागात, आणि त्याच वर्षी मार्चमध्येही आम्ही पहाटे घराबाहेर धावलो होतो. त्यामुळे ही गोष्ट सांगणारा इथपर्यंत आला की शेडमध्ये सगळे सावरून बसतात. पण सांगणारे इथेच थांबतात. गाणं गायलं, बेड्या तुटल्या, हालेलुया.

पुढे दोन गोष्टी घडतात.

पहिली. दारं उघडी पाहून तुरुंगाच्या नायकाला वाटतं, कैदी पळाले. आता आपली धडगत नाही. तो तलवार उपसतो आणि स्वतःचा जीव घ्यायला निघतो. अंधारातून पौल मोठ्यानं ओरडतो, की असं काही करू नकोस, आपण सगळे इथेच आहोत. रात्रीच्या त्या गाण्यातून जो आनंद आला त्याचं पहिलं काम कुठलं? आत्महत्या करायला निघालेल्या माणसाचा हात थांबवणं. तोही आपल्याला कोंडणाऱ्या माणसाचा. आणि कशानं थांबवलं? 'विश्वास धर, हस' असं म्हणून नव्हे. आम्ही इथे आहोत, गेलेलो नाही, एवढंच सांगून.

मराठवाड्यात हा परिच्छेद वगळून कुणी आनंदाचा उपदेश करत असेल तर त्याला आपण कुठे उभे आहोत हेच कळलेलं नाही. ज्या घरात कुणी आठ-आठ दिवस बोलत नाही, जेवत नाही, त्या घरात जाऊन 'हा निराशेचा आत्मा आहे, गोळ्या बंद करा' म्हणणारे मी पाहिलेत. गोळ्या बंद करू नका. डॉक्टरकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, तो फोनमध्ये ठेवा. आणि प्रार्थना करायची तर त्या माणसाशेजारी बसून करा, त्याच्या डोक्यावर माईक धरून नको.

दुसरी गोष्ट सकाळी घडते. अधिकारी शिपायांकडून निरोप पाठवतात, की त्या दोघांना सोडून द्या. गुपचूप. प्रकरण मिटवायचं आहे. रात्रभर गाणारा पौल सकाळी काय म्हणतो? तो जायला नकार देतो. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आता चोरून बाहेर काढता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः इथे यावं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागतं, विनवणी करावी लागते.

रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच आहे. फिलिप्पैच्या लोकांनी त्याला दोन्ही वेळा पाहिलं होतं. म्हणून पुढे तुरुंगातून त्याचं 'आनंद करा' असं पत्र आलं तेव्हा त्यांना ते पोकळ वाटलं नसणार.

दुसरं अर्ध वाक्य

आता दुसऱ्या बाजूशी बोलते. माझा एक शाळेतला मित्र आहे, आंबेडकरी घरातला, वाचणारा. सभेचा किस्सा ऐकून तो म्हणाला, "तुमचा उपदेशक सरकारच्या सोयीचा आहे. पीक गेलेली माणसं टाळ्या वाजवत बसली तर मोर्चाला कोण येणार? ही अफूच आहे."

अफूची उपमा कार्ल मार्क्सची, १८४४ मध्ये छापून आलेल्या त्याच्या एका निबंधातली. पण तिथेही गाळागाळ झाली आहे. त्या वाक्याच्या लगेच आधी मार्क्स धर्माला दडपलेल्या जीवाचा सुस्कारा म्हणतो, दुःखाची अभिव्यक्ती म्हणतो आणि त्याच वेळी त्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हणतो. हे अर्ध वाक्य माझ्या मित्राच्या फोनवरच्या पोस्टरमध्ये नव्हतं. आमचा उपदेशक निषेध गाळून आनंद ठेवतो. माझा मित्रही निषेध गाळतो आणि अफू ठेवतो. दोघांनाही माझ्या आईचं रडणं ऐकायचं नाही.

तरीही मित्राचा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. आनंद माणसाला गप्प करतो का? मी पंडिता रमाबाईंकडे बोट दाखवते.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, तेव्हा कडेवर लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रीलच्या हिशेबानं इथे पियानो वाजायला हवा. पण १९०७ मध्ये त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली तेव्हा सरळ कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. आठ वर्षं. एवढ्या विदुषीला समाधान लाभायला आठ वर्षं लागली आणि ते छापून सांगायला तिला लाज वाटली नाही. आमच्याकडे तीन गाण्यांत आनंद यायला हवा असतो.

आणि तो आल्यावर त्या काय करत बसल्या? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. शेकडो मुली तिथे शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड झाली त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर टीका केली, मुंबईच्या गव्हर्नराला ती झोंबली. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. भूक त्यांनी स्वतः भोगली होती, म्हणून दुष्काळाची बातमी वाचून त्यांना आधी आठवली ती स्वतःची भूक. अफू खाल्लेल्या माणसाला असं काही आठवत नाही.

शेवटही सुखाचा नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामातली वारसदार. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलगी परत आली नाही. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणायची कुणाची हिंमत आहे का? नसेल, तर माझ्या आईला ते कुठल्या तोंडानं म्हणता?

एक टोमणा आणखी आहे, तो गावात ऐकू येतो. 'बाटगे. गव्हासाठी बाटले. यांचा आनंद विकतचा.' मराठवाड्यात ही गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल इथे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी गावकुसाबाहेरच्या माणसांना घेऊन वस्ती उभारली, तेव्हापासूनची. विकतचा म्हणता, तर व्यवहार तरी नीट तपासा. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख झाल्यावर तो टिकतो, हे १९५६ मध्ये मान्य झालं. बौद्ध झाल्यावर टिकतो, हे १९९० मध्ये. ख्रिस्ती माणसाला तो आजही नाही. गावानं जात विसरायची नाही, कागदानं मात्र विसरायची. गहू घेऊन हक्क देणारा सौदा कोण करील? माझ्या आजीनं १९७२च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, गावातल्या सगळ्या जातींच्या बायकांबरोबर. ती सुकडी खाऊन कुणाचा धर्म बदलला नाही. ती ख्रिस्ती झाली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. का झालीस, असं विचारलं की ती एवढंच सांगते, "तिथं मला खाली बसवलं नाई. सतरंजीवर बसवलं."

तर मग आनंद म्हणजे काय

त्या सभेनंतर दुसऱ्या दिवशी आई नुकसानीच्या यादीत नाव आहे का ते बघायला गेली. राज्य सरकारनं त्याच महिन्यात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, कोरडवाहू शेतीला हेक्टरी १८,५०० रुपये. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर. सोयाबीनचा त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे अख्ख्या रानाच्या बदल्यात साडेतीन क्विंटलची किंमत. तरी तेवढ्यासाठी आईनं खेपा घातल्या, आधार जोडला, अंगठा दिला. रात्री भजन, सकाळी खेप. फिलिप्पैच्या गोष्टीतली सकाळ तिला कुणी सांगितलेली नव्हती.

उपदेशकांवर मी फार कडक लिहिलं असेन. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. आमच्या वस्तीत चिखल तुडवत कोण येतं? निवडणूक नसताना कोण येतं? ते येतात. आजाऱ्याच्या उशाशी बसतात, नावं लक्षात ठेवतात. पप्पा गेले तेव्हा माती द्यायला कुणी पुढे येईना, त्या दिवशी प्रार्थना सभेतलीच चार माणसं आली होती. म्हणूनच मला राग येतो. जी माणसं एवढं करतात, त्यांनी शेवटी माईक हातात घेऊन आईला अपराधी का करावं?

माझं मागणं साधं आहे. हबक्कूक वाचायचा तर तिन्ही अध्याय वाचा. ज्यांची प्रार्थना फळली नाही त्यांनाही साक्ष देऊ द्या. रडणाऱ्या माणसाला हसायला सांगू नका. लाझराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, आणि थोड्या वेळानं आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. त्याला कुणी अविश्वासी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर. आई, तुझा विश्वास कमी पडला नव्हता. ऑक्सिजन कमी पडला होता. त्या एप्रिलमध्ये देशभर कमी पडला होता, देवळात जाणाऱ्यांना, मशिदीत जाणाऱ्यांना, कुठेच न जाणाऱ्यांना. ते विश्वासाचं माप नव्हतं. ज्यानं तुला हे माप हातात दिलं त्याचं माप खोटं होतं. मी हे तिला तोंडानं सांगितलं, आणि इथे लिहून ठेवते, कारण अशा कितीतरी आया असतील.

नाताळला घरी गेले. पैसे नव्हते, म्हणून या वर्षी नवे कपडे नाहीत, असं आधीच ठरलं होतं. शेडवर कामट्यांची आणि कागदाची चांदणी लावली, आत एक बल्ब. बायकांनी मिळून करंज्या केल्या, सारणात गुळापेक्षा खोबरं कमीच होतं. कीबोर्ड नव्हता. ढोलकी होती, टाळ होते. गाणी सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला आईचा आवाज फुटला. ती रडायला लागली.

कुणी थांबवलं नाही. आजीनं तिचा हात धरला आणि गाणं चालू ठेवलं. आईच्या वाटणीची ओळ बाकीच्या बायकांनी म्हटली. पुढच्या कडव्याला ती पुन्हा आली, डोळ्यांत पाणी तसंच, आवाज मात्र खणखणीत. मग तिनं टाळ मागून घेतले.

आमचं रान तसंच होतं, कर्ज तसंच होतं, पप्पा तर नव्हतेच. तरीही त्या रात्री शेडमध्ये जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन. तो कुणी माईकवरून मागितलेला नव्हता.